विहिरीला विचारून पाणी घेणारी

हौसाबाई गेल्या त्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या मुलाचा, दत्तूचा, फोन आला होता. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी मेथी निवडता निवडता वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते, म्हणजे दोन्हींतलं एकही काम धड होत नव्हतं. दत्तूनं तब्येत विचारली नाही, जेवण झालं का विचारलं नाही. "मावशी, इहिरीला पाणी हाय का?" एवढंच म्हणाला. मला वाटलं, त्याला कुणी विचारलं असेल, आमच्या रानाचं काही चाललं असेल. मी सवयीनं टोला हाणला, "अरे, वारज्यात पाचव्या मजल्यावर बसून मला गावाकडच्या विहिरीतलं पाणी दिसायला लागलं, तर माझा पेपरात फोटो येईल." तो हसला नाही. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. मी पुन्हा कोड्याकडे वळले.

गुरुवारी दुसरा फोन आला. "आय गेली." शेवटी काही बोलली का, असं मी विचारलं. माणसं हे का विचारतात कोण जाणे, पण मीही विचारलं. तो म्हणाला, मंगळवारपासून पाणी मागत होती. आपल्या विहिरीचं. हडपसरहून गाडी करून तास-दीड तासात कळशीभर आणता आलं असतं, पण आधी तिथे पाणी आहे का ते तरी कळायला हवं होतं ना... "मग नळाचंच दिलं, इहिरीचं हाय म्हणून," तो म्हणाला. "तोंडात धरलं, अन् हसली."

त्या हसण्याचा अर्थ दत्तूला कळला असेल की नाही, मला माहीत नाही. मला कळला. हौसाबाईंना नळाच्या पाण्यानं कुणी फसवू शकलं नसतं. आणि त्या हसल्या म्हणजे त्यांनी ते गिळलं, लेकाला बरं वाटावं म्हणून. हे त्यांनी मलाही आयुष्यभर करून दाखवलं होतं. ते मला गेल्या महिन्यात कळलं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. माझ्या बुद्धीच्या वेगाचा विचार करता फार उशीर झाला असं नाही म्हणता येणार.

या लेखात गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. तिथल्या जमिनींचे भाव आधीच पुरेसे चढलेत. हडपसर मागे टाकून सरळ पूर्वेला जात राहायचं, हिरवं संपायला लागलं की उजवीकडे वळायचं, इतकं सांगते. आम्ही तिथे तीन एकर जमीन घेतली तेव्हा आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. आमचे हे एका कचेरीत नोकरीला आणि मी मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायचे. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. ह्यांच्या नावावर कोकणात अकरा चुलतभावांबरोबर एका कातळाचा सातबारा होता. त्या कातळावर कुसळही उगवत नसे, पण कागदोपत्री ह्यांना शेतकरी करायला तो पुरला. नांगर कोणत्या बाजूनं धरायचा हे सरकारनं विचारलं नाही, ते बरं झालं. बाकीच्या बायका सोनं घेत होत्या, तेव्हा मी स्टाफरूममध्ये मान ताठ करून सांगत होते, "आम्ही जमिनीत गुंतवलंय. जमीन काही कुठे पळून जात नाही." तेहेतिसाव्या वर्षी माणसाला किती कळत असतं याचा नमुना म्हणून हे वाक्य जपून ठेवावं.

रान पाहायला गेलो त्या दिवशी हौसाबाई प्रथम दिसल्या, विहिरीच्या काठावर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असाव्यात. उंच, काटक, कपाळावर भलंमोठं गोंदण. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक गोल खडा काढला, विहिरीत टाकला, मान एका बाजूला करून ऐकलं, आणि मग बादली सोडली. मी भूमितीची बाई. माझ्याच्यानं राहवेना. खडा पडायला किती वेळ लागतो त्यावरून खोली कशी काढतात, हे मी त्यांना उभ्या उभ्या समजावलं. घड्याळ दाखवून. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "किती खोल हाय ते मला ठावं हाय, माज्या सासऱ्यानं खणलीया. राजी हाय का, ते ऐकतीया."

मी हे पुण्यात येऊन विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले. मी सर्वांत जास्त.

ती विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. त्यांना दोन मुलगे. एक हौसाबाईंचे यजमान सोपानराव, आणि दुसरा त्यांचा धाकटा भाऊ, ज्यानं नोकरीसाठी पुण्यात यायचं म्हणून आपला वाटा आम्हाला विकला. विहिरीचं पाणी दोघा भावांत निम्मं निम्मं, एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. विकणाऱ्यानं आम्हाला तोंडी सांगितलं की विहिरीत निम्मं पाणी तुम्हाला, आणि आम्ही ते मानलं. सोपानरावांनीही मानलं. आमच्या रानात त्यांनीच पेरायचं, आलेलं अर्धं आम्हाला द्यायचं, असं ठरलं. पहिली चार वर्षं इतकी सुखाची गेली, की त्यांच्याबद्दल लिहायला काही नाही.

एक मात्र लिहिलं पाहिजे. वैशाख संपत आला की त्या विहिरीचा गाळ काढायचे. जे जे तिचं पाणी घेत, प्यायला का होईना, ते सगळे त्या दिवशी यायचे. चार पुरुष आत उतरायचे, बाकीचे रहाटावर, बायका टोपल्या ओतायच्या, आणि संध्याकाळी ज्याची पाळी असेल त्याच्या घरी पुरणपोळी. पहिल्या वर्षी मीही गेले. डोक्याला उन्हाची टोपी, खांद्याला चहाचा थर्मास, पायात मोजे. मोजे! अशा थाटात मी गाळ काढायला गेले होते. पोरं-बाळं कामं टाकून माझ्याकडे बघत बसली, शेवटी सोपानरावांनी त्यांना पांगवलं. दुपारी हौसाबाईंनी मला हाताला धरून खाली नेलं. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या, कठडा काही नाही. खाली इतकं गार की श्वास आखडला. वर पाहिलं तर आभाळ ताटलीएवढं. त्यांनी माझा तळवा धरून एका कपारीवर टेकवला. दगडाच्या आतून काहीतरी थडथडत होतं, मनगटातल्या नाडीसारखं. "झरा," त्या म्हणाल्या. "हितं दरसाल हात लावून जायचं. न्हाई लावला तर इसरतो."

कोण विसरतो, झरा की माणूस, हे मी विचारलं नाही. मला त्या खोलीतून लवकर वर यायचं होतं.

आता मोजणीचं सांगते. इथपर्यंत वाचणाऱ्यांना मी थोडी विनोदी, निरुपद्रवी बाई वाटले असेन. मलाही मी तशीच वाटत होते.

पाचव्या वर्षी मला संशय आला की आमचा बांध सरकतोय. सोपानरावांचं आणि आमचं रान लागून, मध्ये बांध. दोन्हीकडून नांगर तेच धरायचे, तेव्हा बांध कोरला तर तो कुणाच्या बाजूनं, याला खरं तर काही अर्थच नव्हता. पण मी शाळेतली मोजपट्टी नेली, एका रविवारी भर उन्हात बांध मोजला, आणि कागदावर आकृती काढून ह्यांना सिद्ध करून दाखवलं, की आपली वीतभर जमीन कमी आहे. हे म्हणाले, "अगं, वीतभरानं काय होतंय? बघू." आमच्या ह्यांचा 'बघू' हा शब्द इतका मोठा होता की त्यात आमचा निम्मा संसार मावला. मला मात्र तेव्हा 'बघू' चालत नसे. मी सरकारी मोजणीचा अर्ज दिला.

गावात त्याला 'मोजणी आणणं' म्हणतात, आणि ते 'पोलीस आणणं' याच सुरात म्हणतात. हे मला माहीत नव्हतं. माझ्या लेखी मोजणी म्हणजे स्वच्छता. घर झाडावं तशी जमीन मोजावी, त्यात रागवायचं काय? मोजणीच्या आदल्या दिवशी आम्ही मुक्कामाला गेलो होतो. हौसाबाई दुपारी आल्या. बसल्या नाहीत. खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"बाई, मोजणी माघारी लावा."

मी हसून म्हटलं, अहो, एकदा मोजलं की कायमचं स्पष्ट होईल, तुमच्याही फायद्याचंच आहे.

"स्पष्ट व्हईल," त्या म्हणाल्या. "अन् मग ते तसंच ऱ्हाईल. आता वीतभर तुमची इकडं आलीया, फुडल्या साली आमची तिकडं जाईल. मोजल्यावर कुटं जाईल?"

पुढे मी वीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली, पण इतकं नेमकं विधान एकाही वहीत वाचलं नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांना थर्मासातला चहा दिला.

मोजणीवाले साखळी घेऊन आले, झेंड्या रोवल्या, दिवसभर फिरले. सोपानराव आपल्या बांधावर बसून होते, उठले नाहीत. बांध जिथे होता तिथेच होता. माझी वीत माझ्या मोजपट्टीत हरवली होती. पण जाता जाता मोजणीदारानं नकाशावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाला, "विहीर पूर्ण तुमच्यात आहे बरं का, मॅडम."

पुण्याला आल्यावर मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. हे कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी नाकारलं असतं, पण पेढे मीच आणले होते, अर्धा किलो, आणि प्रत्येकीला सांगितलं होतं, "आमची विहीर निघाली!" जणू ती आजवर कुठे लपून बसली होती.

पुढच्या खेपेला मी स्वतः सोपानरावांच्या घरी गेले. मोठ्या मनानं. म्हटलं, नकाशा काही म्हणो, तुमच्या पाळीला तुम्ही पाणी घेत चला, आमची काही हरकत नाही. सोपानराव तंबाखू मळत होते. मळायचे थांबले. "हरकत न्हाई म्हंजे हरकत घेता येती," असं म्हणून त्यांनी तंबाखू झाडून टाकली. त्या संध्याकाळी त्यांनी विहिरीवरचं आपलं इंजिन सोडवलं आणि बैलगाडीत घालून घरी नेलं. दत्तू तेव्हा शाळेत असेल. तो गाडीमागून चालला होता, मला बघून नेहमीसारखा हसायला गेला आणि मध्येच थांबला.

त्या सालच्या वैशाखात गाळ काढायला मी पोचले तेव्हा विहिरीवर कुणी नव्हतं. रहाट नव्हता, टोपल्या नव्हत्या. मी पारावर जाऊन विचारलं, तर सगळे गोड बोलले. गावातलं गोड बोलणं ऐकलं की मी आजही निघायच्या तयारीला लागते. एक म्हातारे म्हणाले, "मालकाची इहीर हाय. मालक काढंल." मी मजूर लावले, बाहेरगावचे. त्यांनी अर्धा दिवस वरवरचं खरवडलं आणि गेले. कपारीवर हात कुणी लावला असेल असं वाटत नाही. मी तर वरून वाकून पाहिलं फक्त.

हौसाबाई मात्र यायच्या. रानाला पाणी त्यांच्या घरानं कधीच घेतलं नाही पुन्हा. बागाईत गेली, ज्वारी राहिली, मग तीही एक वर्षाआड. पण प्यायच्या पाण्याच्या एका घागरीपुरत्या त्या येत राहिल्या. नवऱ्याला काय सांगत होत्या ते त्यांनाच ठाऊक. खडा टाकायच्या, ऐकायच्या, आणि आता मी शेजारी उभी असले तर जे ऐकलं ते मला सांगायच्या. एका वर्षी म्हणाल्या, आवाज घट्ट झालाय. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, उशिरा उत्तर देतीय. मी कान देऊन ऐकायचे, मला 'डुबुक' याखेरीज काही कळायचं नाही, आणि तरी हळूहळू मला त्या खड्याची भीती वाटायला लागली. तो पडेपर्यंत मी श्वास धरून असे. सुट्टीत गावाला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून माझ्या मनात तो आवाज यायचा. माझ्यावर कुणी ओरडलं नाही, आमचं पीक कुणी कापून नेलं नाही, कुंपण कुणी तोडलं नाही. सगळं शांत होतं. फक्त त्या विहिरीतून दरवर्षी एखादा दगड निसटायचा. बांधकामाचा, घडीव. सकाळी पाहावं तर भिंतीत एक काळी फट. दात पडल्यासारखी.

ती ढासळली त्या दुपारी आम्ही दोघी जवळच बाभळीखाली बसलो होतो. शेंगा फोडत होतो. आधी पाखरं उडाली. मग जमिनीखाली कुणीतरी जड पेटी ओढावी तसं काहीतरी घरंगळत गेलं, लांबत गेलं, आणि एकदम थांबलं. हौसाबाईंनी माझं मनगट धरलं होतं. धूळ विहिरीच्या तोंडातून सरळ वर आली, सावकाश, चुलीच्या धुरासारखी. पूर्वेची अख्खी बाजू आत गेली होती, पायऱ्यांसकट. ती कपार त्याच बाजूला.

हौसाबाईंनी माझं मनगट सोडलं. पिशवीतला खडा काढला, हातात फिरवला आणि परत ठेवून दिला. तेव्हा मी म्हटलं, "हौसाबाई, माझं चुकलं. मी विहिरीच्या निम्म्या हिश्श्याचा कागद तुमच्या नावानं करून देते. रीतसर. मग सगळे मिळून बांधून काढू." किती वर्षं तोंडाशी येऊन अडकलेलं वाक्य, इतकं ढासळल्यावर बाहेर पडलं.

"करा की," त्या म्हणाल्या.

आणि इथून पुढे मी जे केलं, ते मोजणीपेक्षा वाईट केलं. मी काहीच केलं नाही. पहिल्या वर्षी हे म्हणाले, बघू. दुसऱ्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी. मग मुलाचं लग्न, मग पेठेतलं घर सोडून वारज्याला आलो, मग हे गेले आणि वारसाची नावं लागायला अडीच वर्षं लागली. प्रत्येक कारण खरं होतं. मी ती सगळी हौसाबाईंना नेमानं जाऊन सांगत होते; तोवर सोपानरावही गेले होते आणि दत्तूनं आईला हडपसरला आणलं होतं. तो खराडीत एका मोठ्या कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहे. माझा मुलगा त्याच इमारतीत आठव्या मजल्यावर बसतो. रोज सकाळी दत्तू त्याच्या गाडीसाठी दांडा वर करतो. दोघांचे आजे-बापजादे कोण हे पाहिलं तर फाटकाच्या आत कुणी असावं, याची मला कधी कधी शंका येते.

हडपसरची ती खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि गॅलरीत पाण्याचा निळा पिंप. दर दिवाळीनंतर मी चिवडा-लाडू घेऊन जायचे. पंचवीस वर्षांत एक दिवाळी चुकवली नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. चहा व्हायचा, नातवंडं पाया पडायची, आणि निघताना दारात मी म्हणायचे, "यंदा कागद नक्की करते हं, हौसाबाई." त्या म्हणायच्या, "करा की." एकदाही 'कधी' असं विचारलं नाही. मला वाटायचं, बिचारीला आशा आहे. मला बरं वाटायचं, की आपण आशा लावून ठेवली आहे. बघा, माणूस म्हातारा झाला म्हणून शहाणा होतो असं नाही.

त्यांच्या दहाव्यानंतर चार दिवसांनी मी दत्तूला बोलावून घेतलं. म्हटलं, आता एक दिवसही नाही, उद्या गावाला चल, तुझ्या नावानं कागद करू. तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. मुलाची गाडी घेतली, ड्रायव्हर घेतला आणि निघालो. गाव मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. वळण आलं तरी ओळखता येईना. मोठी कमान उभी होती, तिच्यावर हिरव्या अक्षरांत बंगले, झोपाळा, सूर्यास्त. आत रानात पांढऱ्या रंगाचे दगड ओळीनं रोवलेले, चारी कोपऱ्यांना. सोपानरावांचं रान होतं ते. एक बांध दिसत नव्हता.

मी म्हटलं, "दत्तू, हे कुणी केलं?"

तो समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. "मावशी, रान इकून सात वर्सं झाली. ज्यानी घेतलं त्येनी ह्ये प्लाट पाडल्यात."

"आणि हौसाबाईंना..."

"आयनंच अंगठा दिला की."

मी गणित करायला लागले. सात दिवाळ्या. रानच नाही म्हटल्यावर विहिरीचा हिस्सा कशासाठी, कुणाला? सात वेळा मी त्या दारात उभं राहून कागदाचं वचन दिलं, आणि सात वेळा त्या म्हणाल्या, करा की. मी विचारलं, मला एकदाही सांगितलं कसं नाही?

दत्तू म्हणाला, "मी म्हनायचो, सांगून टाक. तर म्हनायची, गप ऱ्हा. बाई कागदापाई येत्यात. कागद न्हाई म्हटल्यावर कशाला येतील..."

ड्रायव्हरनं एसी वाढवला. मी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

विहीर अजून आहे. आमच्या तीन एकरांत आहे, त्यामुळे तेवढी शिल्लक. काठापर्यंत रानटी झुडपं, आत ढासळलेली बाजू तशीच. दत्तूनं मला दंडाला धरून जवळ नेलं. पाणी आहे का ते वरून दिसेना. मी पायाखालचा एक खडा उचलला. हौसाबाई टाकायच्या तसा, मनगट न हलवता, सोडून दिला. ऐकत राहिले. 'डुबुक' नाही, दगडावर दगड नाही. काहीच आलं नाही. झुडपात अडकला असेल, असं दत्तू म्हणाला. असेलही... तरी मी बराच वेळ उभी राहिले. उशिरा उत्तर देतीय, असं त्या म्हणायच्या ना.

परतताना तो मला हडपसरच्या खोलीवर घेऊन गेला. म्हणाला, एक गंमत दाखवतो. त्याच्या बायकोनं आई गेल्यावर गॅलरीतला निळा पिंप धुवायला आडवा केला होता. तळाशी खडे निघाले. गोल, गुळगुळीत, सुपारीएवढे, ओंजळभर नव्हे, पाटीभर. गावाहून येताना दर खेपेला लुगड्याच्या ओच्यात बांधून आणलेले असणार. रोज सकाळी नळ येऊन गेला की त्या एक खडा पिंपात टाकायच्या, ऐकायच्या, मग तांब्या बुडवायच्या. सूनबाई म्हणाली, आम्हाला वाटायचं म्हातारी पोरांसारखा खेळ करतीय. मी विचारलं, काही म्हणायच्या का ऐकून? ती म्हणाली, रोज एकच म्हणायच्या, "ही न्हाई ओळखत."

त्यातला एक खडा मी मागून आणला.

आता जे सांगते ते माझ्या मुलानं वाचलं तर वाचू दे. कमानवाल्यांना आमचे तीन एकर हवे आहेत. त्यांची अट एकच, विहीर बुजवून द्यायची. लहान मुलं येणार, कुणी पडलं तर, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. मुलानं कागद तयार करून आणलाय. चांगला मुलगा आहे, जोर करत नाही. खरेदी केली तेव्हाच तू म्हणाली होतीस ना, गुंतवणूक म्हणून घेतली, असं फक्त म्हणतो. म्हणाले होते खरी. जमीन कुठे पळून जात नाही, असंही म्हणाले होते.

तो कागद माझ्या खिडकीशी, टेबलावर आहे. त्यावर हौसाबाईंचा खडा ठेवलाय. पाचव्या मजल्यावर वारा फार, संध्याकाळी कागद चारी बाजूंनी फडफडतो, मध्ये तेवढा दबून राहतो. दर रविवारी मुलगा चहाला बसला की विचारतो, "आई, सही करतेस ना?"

आयुष्यात मला एकच गोष्ट पूर्णपणे करता आली, ती म्हणजे एक कागद न करणं. पंचवीस वर्षांचा सराव आहे. मी चहाचा कप खाली ठेवते आणि म्हणते, "करते की."

तो समाधानानं जातो. मी ऐंशीची आहे, आणि तो चाळिशी ओलांडलेला. हे गणित त्यालाही येतं. तो गेला की मी खडा उचलून हातात घेते. परवा घेतला तर गार लागला, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा. मी बोटांनी पुसला. कोरडा होता.